मदत हवी आहे : जाड माणसाला बसेल अशी पॅडवाली सायकल शॉर्ट बेळगावात कुठे मिळेल?

राकसकोप_रोड (मंगळ., रात्री ९:४०)
जरा तातडीचं आहे. येत्या रविवारी आमच्या ‘बेळगावी’ नावाच्या सायकल ग्रुपबरोबर खानापूरला जाऊन यायचंय, पन्नासेक किलोमीटर. मागच्या रविवारी किणयेपर्यंत गेलो आणि परत येईपर्यंत दोन्ही मांड्या आतून सोलवटल्या. दोन दिवस लुंगीवर आहे. दुकानात काउंटरला बसलो की उठताना कापड चिकटतं आणि डोळ्यांत पाणी येतं.

खडेबाजार, गणपत गल्ली पालथी घातली. एका ठिकाणी ‘सायकलिंग शॉर्ट’ म्हटलं, तर लहान मुली फ्रॉकखाली घालतात ती होजिअरीची चड्डी काढून पुढ्यात टाकली. दुसरीकडे पॅडवाली होती, खरं डबल एक्सेल. ह्याच्या वर येतच नाही म्हणाला. तिसऱ्याने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ‘तुमच्यात मिळणार नाही’ म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते फार लागलं मनाला.

ऑनलाइन थ्री एक्सेल मागवली. मांडीवर चढते, खरं पोटाखाली पट्टा गुंडाळत खाली येतो, आणि अर्ध्या तासात पॅड सरकून एका बाजूला जातं. हजार-बाराशेच्या वर परवडणार नाही. कुठली घ्यायची आणि कुठे मिळते, तेवढंच सांगा.

चोर्ला_चढण (मंगळ., रात्री १०:०५)
कंबर किती? सायकल कुठली? सीट कसली आहे? सोलवटलंय ते नेमकं कुठे, जांघेत, मांडीच्या मध्यावर की बसायच्या हाडाखाली? तिन्हींची कारणं वेगळी असतात.

राकसकोप_रोड (मंगळ., रात्री १०:१२)
कंबर ४२. सायकल हायब्रिड. सीटचा काय संबंध? शॉर्टबद्दल विचारलंय.

टेप_घेऊन_या (मंगळ., रात्री १०:३०)
४२ ही जीन्सच्या लेबलवरची की टेपने मोजलेली? मी कपड्याच्या धंद्यात आहे म्हणून विचारतो. जीन्स आपण पोटाखाली बांधतो, आणि लेबलवर ४२ लिहिलेली कितीतरी वेळा टेपला ४४-४५ भरते. शॉर्टचा पट्टा बेंबीजवळ येतो. बेंबीवरून एक माप, बसायच्या जागी जिथे सर्वांत रुंद तिथे दुसरं आणि मांडीच्या वरच्या भागाचं तिसरं घ्या. श्वास सोडून घ्या, पोट आत ओढून नको. ही तीन मापं नसतील तर थ्री एक्सेल आणि फोर एक्सेल ह्या अक्षरांना काही अर्थ नाही. एका कंपनीची थ्री एक्सेल दुसऱ्या कंपनीच्या एक्सेलएवढी असू शकते.

सकाळी_पाच_वाजता (बुध., सकाळी ५:१५)
रागावू नका, खरं आधी वजन उतरवा. मी संध्याकाळचा भात सोडला, कुंदा आणि मांडे सणालासुद्धा जिभेवर ठेवले नाहीत, रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात आठ फेऱ्या मारल्या. आता मला लार्ज बसते. कपडा बदलण्यापेक्षा शरीर बदललेलं कधीही बरं.

शहापूरची_मी (बुध., सकाळी ७:५०)
त्यांनी वजनाचं विचारलेलंच नाही. वजन उतरवायला सायकल चालवायची, सायकल चालवायला कपडा पाहिजे, आणि कपडा मिळवायला आधी वजन उतरवायचं? मग त्या माणसानं सुरुवात कुठून करायची? माझंही वजन ९० च्या वर आहे. जिथे जाईन तिथे हा सल्ला फुकट मिळतो, शॉर्ट मात्र मिळत नाही.

राकसकोप, तुमचा पट्टा खाली गुंडाळतो म्हणजे साइज लहान आहे असंच नाही. पोट असलेल्या माणसाचं इलॅस्टिक वाकल्यावर खाली जाणारच. पट्टा खाली गेला की पॅड सुटतं, आणि सुटलेलं पॅड प्रत्येक पेडलला घासतं.

चोर्ला_चढण (बुध., सकाळी ८:२०)
अगदी बरोबर. म्हणून बिब घ्या, दुसरं काही घेऊ नका. खांद्यावरून पट्टे येतात, कमरेला इलॅस्टिकच नसतं, पोटावर काही रुतत नाही, आणि पॅड जिथे आहे तिथेच राहतं. मी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, बिबवरच केली. साडेतेरा तासांची मुदत असते, तेवढा वेळ कमरेचा पट्टा सहन होणार नाही. पॅड जाड आणि जेलचं बघून भुलू नका. बोटाने दाबलं की लगेच तळ लागतो ते कुचकामी, जरा घट्ट फोम असतो ते टिकतं. जाड मऊ पॅड मांड्यांच्या मध्ये गादीसारखं गोळा होतं.

वडगावचा_माग (बुध., सकाळी ९:१०)
बाराशेच्या आत बिब सांगूलैत? आणि लघवीला थांबलं की अर्धं अंग उघडं करायचं, रस्त्याच्या कडेला? माणसाला परवडेल ते सांगा की.

पॅड सुटं मिळतं, ऑनलाइन दोन-तीनशेत. आपल्याकडे कुस्तीचे आखाडे आहेत, कबड्डीच्या टीम आहेत, त्यांचे कपडे शिवणारे टेलर आहेत. चार बाजूंनी ताणणारं लायक्रा घ्या, अंगाच्या मापाचं शिवून घ्या आणि पॅड आत बसवा. दुकानदाराच्या तोंडाकडे बघायला नको. माझ्या मेव्हण्याची तशीच आहे, चार वर्षं वापरतोय.

टेप_घेऊन_या (बुध., सकाळी ९:४०)
शिवणार कुठल्या मशीनवर? साध्या ओव्हरलॉकची शिवण आत उभी राहते, दोरीसारखी. ती जांघेत आली की ब्लेडसारखं कापतं. ह्या कपड्याला फ्लॅटलॉक लागतं, शिवण सपाट झोपली पाहिजे. ते मशीन होजिअरीवाल्याकडे असतं, गल्लीतल्या टेलरकडे नसतं.

वडगावचा_माग (बुध., सकाळी ९:५५)
मेव्हण्याला कापलं नाही.

टेप_घेऊन_या (बुध., सकाळी १०:०२)
मेव्हण्याचं वजन किती आणि तो किती किलोमीटर चालवतो?

वडगावचा_माग (बुध., सकाळी १०:०४)
६४ किलो. कारखान्यात जाऊन येतो.

जुना_बेळगावकर (बुध., दुपारी १२:३०)
हे सगळं वाचून नवल वाटलं. आम्ही १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत साध्या पायजम्यावर अख्खं शहर फिरायचो, गल्लीगल्लीतून घोषणा देत. पॅड कुणी बघितलं होतं? पायजम्याला पायाशी क्लिप लावायची, चेनमध्ये जाऊ नये म्हणून, एवढाच थाट. आणि ज्या कोणी वर ग्रुपच्या नावात ‘बेळगावी’ लिहिलंय त्यांनी बेळगाव लिहावं.

चोर्ला_चढण (बुध., दुपारी १२:४५)
काका, २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यानंतर ग्रुपचं नाव नोंदणीसाठी तसं द्यावं लागलं. बोलताना आम्हीही बेळगावच म्हणतो. आणि फेरी शहरातली, सावकाश चालणारी. एक-दीड तासात घाम आणि घर्षण एवढं होत नाही. पन्नास किलोमीटरला होतं.

जुना_बेळगावकर (बुध., दुपारी १:१०)
नाव नोंदणीसाठी बदललं म्हणून आपण बदलायचं का?

संपादक_मंडळ (बुध., दुपारी १:३०)
नावाचा विषय महत्त्वाचा आहे, त्याला वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे शॉर्टवर राहू या.

औषध_दुकान_टिळकवाडी (बुध., दुपारी ३:००)
जखमेचं आधी बघा. नुसतं घासून लाल झालं असेल तर धुऊन, टिपून कोरडं ठेवा, सैल सुती घाला, दोन-चार दिवसांत बसतं. खरं कडा उठलेले गोल चट्टे असतील, खाज असेल आणि पसरत चाललं असेल, तर तो नायटा आहे. त्यावर काउंटरवरची मिक्स ट्यूब स्वतःहून लावू नका. तिच्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उसळतं, असे रुग्ण माझ्यासमोर रोज उभे असतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आत काय घालता?

राकसकोप_रोड (बुध., संध्या. ७:३०)
दुकान बंद करून आलो. खाज नाही, चट्टे नाहीत, घासलेलंच आहे. दोन ठिकाणी आहे, जांघेत चड्डीच्या कडेला रेघेसारखं, आणि मांडीवर आतून. मापं घेतली. बेंबीवर ४७, बसायच्या जागी ४९, मांडी २८. लेबलवरचे ४२ कुठून आले कळत नाही. आत नेहमीचीच, कापसाची.

चोर्ला_चढण (बुध., संध्या. ७:३४)
पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घातली होती?

राकसकोप_रोड (बुध., संध्या. ७:३६)
मग? तशीच कशी घालणार?

शहापूरची_मी (बुध., संध्या. ७:४०)
तशीच घालायची असते. आत काहीही नाही. पॅडला आतून शिवण नसते ती त्याचसाठी. कापसाची चड्डी घाम पिऊन ओलीच राहते, आणि तिची काठाची शिवण नेमकी जांघेत बसते. तुम्ही म्हणता ती रेघ म्हणजे तिचीच खूण. हे मला पहिलं वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची लाज वाटायची म्हणून तेवढे महिने मी सोसलं. लाज वाटत असेल तर वरून सैल बर्म्युडा घाला, मी तसंच करते. गावातून जाताना कुणी बघत नाही.

वडगावचा_माग (बुध., संध्या. ७:५५)
आखाड्यात लंगोटाच्या काठानं असंच होतं. आम्ही खोबरेल लावायचो.

औषध_दुकान_टिळकवाडी (बुध., रात्री ८:१०)
खोबरेल पातळ असतं, तासाभरात घामाबरोबर उतरतं. व्हॅसलीन जास्त टिकतं, खरं पॅडमध्ये मुरतं आणि धुताना निघत नाही. मांडीवर जिथे पॅड येत नाही तिथे लावायला हरकत नाही. उघड्या जखमेवर मात्र यातलं काहीच नको.

चोर्ला_चढण (बुध., रात्री ८:३०)
आता सीटचं सांगा. संबंध आहे.

राकसकोप_रोड (बुध., रात्री ८:४०)
रुंद आहे, सायकलबरोबर आलेली. वर जेलचं कव्हर घातलंय, जाड. वजन ११८ म्हणून दुकानदारानेच दिलं.

चोर्ला_चढण (बुध., रात्री ९:०५)
कव्हर आजच काढा. मऊ जेलमध्ये माणूस रुततो, बसायची हाडं खाली जातात आणि जेल मधून वर येऊन नको तिथे दाबतं. शिवाय कव्हर सीटवर सरकतं, म्हणजे घासायला अजून एक थर. वजन जास्त म्हणजे सीट रुंद, हेही खरं नाही. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर हाडांवर ठरतं, पोटावर नाही. सडपातळ माणसाचं जास्त असू शकतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पाटावर ठेवून त्यावर बसा, गुडघे जरा वर घ्या, मिनिटभराने उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सीट त्याहून दोनेक सेंटीमीटर रुंद असली की पुरे. जास्त रुंद असेल तर तिची कड मांडीला घासते.

उंचीही बघा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला पाहिजे आणि कंबर कलायला नको. सीट उंच असेल तर प्रत्येक पेडलला माणूस डावी-उजवीकडे झुलतो. सोलवटणं निम्मं तिथूनच येतं.

सकाळी_पाच_वाजता (गुरु., सकाळी ५:१०)
माझं कालचं बोलणं राकसकोप यांना लागलं असेल तर माफ करा. एक उपयोगाचं सांगतो. शॉर्ट उलटी करून गार पाण्यात हाताने धुवा, कम्फर्ट वगैरे घालू नका, त्याने लायक्राचा ताण जातो. सावलीत वाळवा. पावसाळ्यात इथे दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा ओलसर कधीच घालू नका, दोन शॉर्ट लागतातच.

टेप_घेऊन_या (गुरु., सकाळी ९:३०)
मापं बघितली. नवीन घेताना कंबर नको, ४९ हे बसायचं माप धरून तक्ता बघा, आणि २८ ची मांडी बसते का ते वेगळं बघा. मांडीच्या टोकाला अरुंद सिलिकॉनची पट्टी असेल तर घेऊ नका, ती रुतते आणि वर मांस फुगतं. रुंद सपाट पट्टा बघा. रविवारच्या आत काही येणार नाही, म्हणून आहे तीच थ्री एक्सेल टेलरकडे न्या. पॅडला, शिवणीला हात लावू देऊ नका. फक्त कमरेला रुंद इलॅस्टिकचे दोन पट्टे जोडून खांद्यावरून घ्या. वडगावकरांचा टेलर आणि चोर्लांचं बिब, दोन्ही त्यात आले.

वडगावचा_माग (गुरु., सकाळी ९:४५)
हे पटलं. टेलरचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

राकसकोप_रोड (रवि., दुपारी १:२०)
आत्ता आलो. खानापूर झालं, ५२ किलोमीटर. आत काही न घालता, वरून बर्म्युडा, कव्हर काढलेलं, सीट दीड बोट खाली. पट्टे लावायला टेलरने ८० रुपये घेतले, इलॅस्टिकसकट. पॅड जागचं हललं नाही. खानापूरच्या स्टँडजवळ चहाला उतरलो तेव्हा सवयीने पट्टा वर ओढायला हात गेला, तर तो वरच होता. जांघेतली रेघ दुखली नाही. डाव्या मांडीवर पट्टी रुतली तिथे लाल झालंय, टेप म्हणाले तेच. फोर एक्सेल बिब बघून ठेवलीय, बजेटच्या जरा वर जाते, पुढच्या महिन्यात घेतो. दुकानात पुन्हा विचारायला जाणार नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

शहापूरची_मी (रवि., दुपारी २:०५)
वाचून फार बरं वाटलं. मलाही पट्टे लावून घ्यायचेत. बायकांचं पॅड मागे रुंद आणि आखूड असतं म्हणून नवीन जोडी मिळायला अजून अवघड, आहे तीच टिकवायची आहे. इलॅस्टिक किती इंची घेतलं? माप कसं दिलं?

राकसकोप_रोड (रवि., दुपारी २:३०)
दीड इंची. पुढे सरळ, पाठीवर फुली. माप उभं राहून देऊ नका. मी पहिल्यांदा उभं राहून दिलं, तर वाकल्यावर पुढून सैल पडून पोटावर लोंबायला लागलं, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. सायकल दुकानाबाहेर भिंतीला टेकवली, वर बसून हँडल धरलं आणि टेलरला टेप लावायला सांगितलं. आधी टाचणीवर लावून बघा, मग शिवू द्या.