बर्फावर एका रेषेत उमटलेल्या खुरांसारख्या खुणा: प्राणी कोणता असावा?

फोंडेकर_भटक्या

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात फोंड्यातील आम्ही काही मित्र उत्तराखंडातील केदारकांठाच्या ट्रेकला गेलो होतो. जुडा का तालाब येथील मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूंपासून थोड्या अंतरावर, रात्रीच्या ताज्या बर्फावर, आम्हाला खुणांची एक लांबलचक ओळ दिसली. प्रत्येक खूण दोन भागांत विभागल्यासारखी होती आणि पाहताक्षणी शेळीच्या खुराची आठवण व्हावी, असा तिचा आकार होता. मात्र चार पायांच्या जनावराचे ठसे जसे डावीउजवीकडे पडतात, तसे ते नव्हते. दोरी ताणून आखावी तशी ती एकच सरळ रेषा होती. ती एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून गेली, पलीकडे पुन्हा सुरू झाली आणि देवदारांच्या कडेला जिथे उतार सुरू होतो, तिथे एकाएकी संपली.

आमच्या गाईडने "लोमड़ी होगी" एवढेच सांगून विषय संपवला, परंतु कोल्ह्याच्या पायाला खूर नसतो हे आम्हालाही ठाऊक होते. घरी आल्यावर वाचन केले, तेव्हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात १८५५ साली घडलेल्या अशाच एका प्रकाराची माहिती मिळाली, आणि त्या खुणांची वर्णने माझ्या छायाचित्रांशी इतकी जुळतात की कुतूहल अधिकच वाढले. कोल्हा, अस्वल किंवा अन्य कोणता प्राणी खुरासारखा ठसा उमटवू शकतो का? डेव्हनच्या प्रकाराचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणी दिले आहे का? आणि चालत आलेला प्राणी अर्ध्या वाटेत नाहीसा कसा होतो? माझ्याकडे दोन छायाचित्रे आहेत, त्यांपैकी एकात मापासाठी खुणेशेजारी हातमोजा ठेवलेला आहे.

सत्तरीचा_रानवाटा

आपल्या गाईडचे उत्तर अगदीच टाकाऊ नाही, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो. कोल्हा आणि मांजर कुळातील प्राणी सावकाश चालताना मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात ठेवतात. त्यामुळे चार पायांचे ठसे दोनच दिसतात, आणि कोल्ह्याची चाल अरुंद असल्याने ते दोनही जवळजवळ एका रेषेत येतात. खोल बर्फात प्रत्येक पावलासाठी नवे भोक पाडण्यापेक्षा जुन्याच भोकात पाय टाकणे कमी श्रमाचे असते. तेव्हा केवळ रेष सरळ आहे एवढ्यावरून दोन पायांचा कोणी प्राणी चालला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

राहिला प्रश्न खुराच्या आकाराचा. आमच्या वाळपई भागात पावसाळ्यानंतर लोक ओल्या मातीतले ठसे दाखवायला बोलावतात, आणि त्यांतील बरेचसे "वाघाचे" ठसे कुत्र्याचे निघतात. वाघ चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. परंतु चिखल पातळ असेल तर नखांची खूण बुजते, कडा ढासळतात, आणि मध्यम कुत्र्याचा ठसा पाहता पाहता वाघाएवढा होतो. एकट्यादुकट्या ठशावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवलेले आहे. ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत राजस्थानातील सारिस्काच्या जंगलातले वाघ संपल्याचे २००५ साली उघड झाल्यावर मोडीत निघाली, आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवर भर देण्यात आला. चिखलाची ही स्थिती, तर उन्हाने तासातासाला बदलणाऱ्या बर्फाची काय कथा!

तेव्हा दोन गोष्टी कळवाव्यात. हातमोज्याच्या मापाने एक खूण केवढी भरते, आणि दोन खुणांमध्ये अंतर किती आहे?

शिरोडे_ते_पेडणे

विषय थोडा वेगळा आहे, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. आपल्या गोव्याच्या सीमेपलीकडे आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, आणि भक्तांनी वाहिलेल्या चामड्याच्या चपला त्यामुळे झिजतात, अशी श्रद्धा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोणी अदृश्य फिरले याचा पुरावा पायांशीच शोधायचा, ही ओढ डेव्हनच्या लोकांतही दिसते. फरक इतकाच की त्यांनी फिरणारा सैतान ठरवला आणि आपण राखणदार. पुढचे जाणकारांनी सांगावे.

जुनी_कात्रणे

डेव्हनच्या घटनेवर मी बरेच वाचले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

८ फेब्रुवारी १८५५ च्या रात्री एक्स नदीच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना, एक्समथ, टॉपशॅम, डॉलिश, टिनमथ अशा अनेक गावांत, बर्फावर खुरांसारख्या खुणा आढळल्या. बहुतेक खुणा सुमारे चार इंच लांब, एकमेकींपासून आठ ते सोळा इंचांवर आणि मुख्यतः एका रेषेत होत्या. त्या छपरांवरून आणि उंच भिंतींच्या पलीकडे गेल्याचे सांगितले गेले. एवढेच नव्हे, तर त्या अगदी अरुंद नळ्यांच्या तोंडाशी जाऊन दुसऱ्या टोकाला बाहेर पडल्याच्याही नोंदी आहेत. त्याच महिन्यात लंडनच्या 'द टाइम्स'ने ही बातमी छापली आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला.

त्या पत्रांतील स्पष्टीकरणे पाहण्यासारखी आहेत. 'डायनोसॉर' हे नाव देणारे प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी बॅजर या प्राण्याकडे बोट दाखवले, कारण तो मागचा पाय पुढच्या ठशात टाकतो. कोणी पाणमांजर म्हटले, कोणी मोठे पक्षी. मसग्रेव्ह नावाच्या पाद्र्यांनी तर कोणाच्या तरी खासगी प्राणिसंग्रहातून सुटलेल्या कांगारूची कल्पना पुढे केली. त्यांचा स्वतःचाही कांगारूवर फारसा विश्वास नव्हता, पण सैतानाच्या भीतीने हादरलेल्या लोकांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून ती कल्पना त्यांनी सोयीची मानली. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस सर्वांत शहाणा वाटतो. पुढे विसाव्या शतकात, डेव्हनपोर्टच्या गोदीतून सुटलेल्या फुग्याला लोंबणाऱ्या साखळ्यांनी त्या खुणा केल्या, असेही सुचवले गेले. परंतु असा फुगा दोर झाडांत न अडकता कित्येक मैल अंगणांतून आणि छपरांवरून सरळ रेषेत जाईल, हे मानायला खुद्द सैतान मानण्याइतकीच श्रद्धा लागते.

माझ्या मते त्यातल्या त्यात टिकाऊ कल्पना उंदराची आहे. आल्फ्रेड लॉयट्शर या प्राणिशास्त्रज्ञांनी १९६५ साली ती मांडली. रानउंदीर खोल बर्फात धावत नाही, उड्या मारतो. प्रत्येक उडीत चारही पाय एकत्र टेकतात, आणि त्या चार पायांचा मिळून जो एक खळगा पडतो, तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, म्हणजे दुभंगलेल्या खुरासारखा दिसतो. छपरावर चढणे आणि अरुंद नळीतून जाणे या दोन्ही गोष्टी उंदराला रोजच्याच. त्यातच पहाटे थोडे वितळून पुन्हा गोठले असेल, तर खळग्याच्या कडा पसरून तो मूळ आकाराहून बराच मोठा दिसणार.

मात्र सगळा डेव्हन उंदरावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. त्या काळातील रेखाटने एकमेकांशी जुळत नाहीत. मापांतही फरक आहे, आणि एलॅकोम या पाद्र्यांच्या कागदपत्रांतील काही चित्रांत तर नखे दाखवलेली आहेत. खूर असलेल्या प्राण्याला नखे कुठून येणार? शंभर मैलांची अखंड रेष हा या कथेचा गाभा मानला जातो, परंतु ती सबंध रेष कोणीही एका दिवसात चालून पाहिलेली नव्हती. प्रत्येक गावाने आपापल्या अंगणातला तुकडा पाहिला आणि वृत्तपत्रांनी ते तुकडे जोडले. गाढवे, घोडी, मांजरे, उंदीर, पक्षी आणि बहुधा काही खोडकर माणसे यांच्या खुणा एकाच प्रवाशाच्या नावावर जमा झाल्या. "तो प्राणी कोणता" या प्रश्नातच एक प्राणी गृहीत धरलेला आहे, आणि पुरावा नेमका तेवढाच देत नाही.

फोंडेकर_भटक्या

सर्वांचे आभार. छायाचित्रे पुन्हा नीट पाहिली. एका खुणेची रुंदी हातमोज्याच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी कमी भरते. दोन खुणांमधील अंतर मात्र सुमारे तीन हातमोज्यांचे, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या आसपास आहे. मोठे करून पाहिल्यावर असे दिसते की खुणेचे दोन भाग अगदी शेजारी नसून एक किंचित पुढे आहे. हे उंदरात बसेल का? आणि यती म्हणणाऱ्या मित्रांना काय उत्तर द्यावे, हेही सांगावे, कारण आमच्या गटातील एक जण तेच धरून बसला आहे.

मडगाव_भूगोल

यतीचे आधी. हिमालयातील सर्वांत गाजलेला ठसा एरिक शिप्टन यांनी १९५१ साली मेनलुंग हिमनदीवर, शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवून टिपला. त्या प्रसिद्ध छायाचित्रात एकच ठसा आहे, आणि त्याच्या आकारावर आजतागायत वाद चालू आहे. २०१९ साली आपल्या सैन्याने मकालू तळाजवळील बत्तीस इंच लांबीच्या ठशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा ते ठसे अस्वलाचे असल्याचे नेपाळमधून सांगण्यात आले. अस्वलाचा मागचा पाय पुढच्या ठशावर अर्धवट पडला की दोन ठसे मिळून एक लांब, अंगठा असल्यासारखा ठसा तयार होतो. उंचीवरील कोरड्या हवेत बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन उडते आणि ऊन पडले की कडा मागे सरकतात, त्यामुळे जुना ठसा रुंद होत जातो. कधी उलटही घडते: पायाखाली दाबले गेलेले बर्फ घट्ट होते, वारा भोवतालचे भुसभुशीत बर्फ उडवून नेतो, आणि खळग्याऐवजी उंचवटा उरतो. २०१७ साली शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने यतीचे म्हणून जपलेले केस, हाड, दात, कातडी असे नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. तुमच्या मित्राला एवढे पुरेसे व्हावे, परंतु तुमच्या खुणा लहान आहेत, तेव्हा अस्वलही त्यात बसत नाही.

सत्तरीचा_रानवाटा

साठ सेंटिमीटर आणि एक भाग किंचित पुढे, या दोन गोष्टींनी चित्र बरेच स्पष्ट झाले. एवढी उडी उंदराची नव्हे. कोल्ह्याचाही ठसा दोन भागांचा दिसणार नाही. माझा अंदाज पिवळ्या गळ्याच्या मार्टेनचा आहे. हा आपल्या पाणमांजराच्या कुळातील, लांब अंगाचा आणि आखूड पायांचा प्राणी असून त्या उंचीवरील जंगलांत तो राहतो. हे कूळ मऊ बर्फात चालत नाही, झेपावते: पुढचे दोन पाय जोडीने टेकतात, ते उचलले जाताच मागचे दोन पाय नेमके त्याच जागी पडतात, आणि चार पायांची मिळून तिरकी अशी एक जोडखूण उरते. बर्फ थोडे खचले की जोडीमधली भिंत पडते आणि दुभंगलेल्या खुराचा भास होतो. चोडणच्या खारफुटीत पाणमांजरे आहेत; तिथल्या चिखलात ती झेपावत गेलेली असतील, तर हाच साचा तुम्हाला बर्फाशिवाय पाहता येईल.

ओळ संपण्याबद्दल दोन शक्यता वाटतात. उताराला सकाळचे ऊन मिळत असेल, तर तिथले बर्फ आदल्या दिवशी वितळून रात्री कडक झालेले असणार, आणि अशा कवचावर दोन-तीन किलो वजनाच्या प्राण्याचा ठसा उमटतच नाही. वीस-पंचवीस पावले पुढे सावलीत शोधले असते तर ओळ पुन्हा सापडली असती. दुसरी शक्यता देवदारांची. मार्टेन झाडावर सराईतपणे चढतो. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात शेवटच्या खुणेपासून एका झेपेच्या अंतरावर खोड दिसत असेल, तर त्याच्या बुंध्याशी सालीचे कपचे किंवा फांदीवरून नुकतेच पडलेले बर्फाचे गोळे दिसतात का, ते पाहून कळवावे.