व्याख्यानापेक्षा सराव हवा
एक सूचना आलीय की साताऱ्यात आजी-माजी सैनिकांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवावं. जरूर ठेवा, पण ऐकून बोलायला येत नाही. तिघातिघांचे गट करून भूमिका वाटा: एक सुट्टीवर आलेला जवान, दुसरा खिडकीवरचा कारकून, तिसरा निरीक्षक. 10 मिनिटांनी भूमिकांची अदलाबदल.

जवान 'मी खचलोय' असं क्वचितच म्हणतो. झोप नाही, डोकं दुखतं, बांधाच्या वादाने संताप होतो, दारू वाढलीय, असं सांगतो. तेव्हा रांगेत काही न विचारता बाजूच्या खोलीत न्यावं. दोन प्रश्न: गेल्या 2 आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? निराश वाटतं का? प्रत्येकी 0 (अजिबात नाही) ते 3 (जवळजवळ रोज) गुण. बेरीज 3 किंवा जास्त आली तर तज्ज्ञांकडे. हे निदान नव्हे. मग सरळ विचारावं, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नये, शस्त्र आणि औषधं हाताशी ठेवू नयेत, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 समोरच लावून द्यावा. चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर बहुधा खिशातच राहतो.

सगळं बिघडतं ते गुप्ततेपाशी. मेडिकल कॅटेगरी (सैन्यातली तंदुरुस्तीची श्रेणी) उतरेल, बढती अडेल, ही धास्ती असतेच. त्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावात बातमी लपत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: जिवाला धोका असेल तरच दुसऱ्याला कळवू. आठवड्याने त्याच कर्मचाऱ्याने फोन करावा.