मदत हवी आहे: होर्हे रामोस यांच्यावर लेख लिहितेय

मंडळी, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतले स्पॅनिश भाषेतले टीव्ही पत्रकार होर्हे रामोस यांच्यावर लेख लिहितेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. नाव (Jorge) होर्हे लिहू की होर्खे? (संपादक काका ‘जॉर्ज’वर अडून बसलेत!)

माणूस जबरदस्त आहे. जन्म मेक्सिको सिटीतला, 1958 चा. तिथल्या वाहिनीवर बातमीला कात्री लागली म्हणून नोकरी सोडली आणि 1983 मध्ये लॉस एंजेलिस गाठलं. 1986 पासून 2024 च्या डिसेंबरपर्यंत युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश वाहिनीवर रात्रीच्या बातम्या दिल्या, बरीच वर्षं मारिया एलेना सालिनास यांच्या जोडीनं. 2015 मध्ये ट्रम्प यांच्या पत्रकार परिषदेतून बाहेर काढलं. 2019 मध्ये काराकासला व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांना मुलाखतीत कचऱ्यातलं अन्न खाणाऱ्या तरुणांचा व्हिडिओ दाखवला, तर मादुरो उठून गेले. रामोस आणि त्यांच्या चमूला दोन तासांहून जास्त वेळ डांबलं, कॅमेरेही जप्त!

आता अडचण अशी: ‘वृत्तनिवेदक’ म्हटलं की समोरचं वाचणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हे तर सत्ताधाऱ्यांशी भिडणारे पत्रकार. चपखल मराठी शब्द सुचवाल का? आणि त्यांच्या स्पॅनिश मुलाखती समजून घ्यायला कुणी स्पॅनिश जाणणारं मदत करेल का? अंक छपाईला जायला तीन आठवडे आहेत.