मदत हवी आहे : टॅक्सी बंदच्या काळात पाहुण्यांची ने-आण कशी करावी?

सप्रेम नमस्कार. गोव्यातील पेडणे तालुक्यात मांद्रे येथे आमचे सहा खोल्यांचे अतिथिगृह आहे. आमचे बहुतेक पाहुणे मोपा विमानतळावरून किंवा थिवी स्थानकावरून टॅक्सीनेच येतात, त्यामुळे टॅक्सीचालकांनी बंद पुकारला की आमचे हातपायच गळतात. जानेवारी २०१८ मध्ये वेगनियंत्रकाच्या सक्तीवरून आणि एप्रिल २०२१ मध्ये ॲपवरील टॅक्सीसेवेच्या विरोधात गोव्यात असे बंद झाले होते. मागच्या एका आंदोलनात पहाटे चार वाजता एक वृद्ध दांपत्य बॅगा घेऊन आमच्या ओसरीवर बसून होते आणि मी वाडीभर गाडी शोधत फिरत होतो. तो प्रसंग अजून मनातून जात नाही.

टॅक्सीचालक आमचेच शेजारी आहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न मी जाणतो, म्हणून त्यांच्याशी वैर येईल असा मार्ग मला नको आहे. खाजगी पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेणे कायद्यात बसत नाही, हेही ठाऊक आहे. परंतु भाडे न घेता स्वतःच्या गाडीतून पाहुण्यांना सोडल्यास विम्याची अडचण येते का? आणीबाणीसाठी कदंबच्या (गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या) बसचे आगाऊ आरक्षण चार-सहा लहान व्यावसायिकांनी मिळून कोणी केले आहे का? सावंतवाडीहून येणाऱ्या कामगारांची अशा दिवसांत राहण्याची सोय आपण कशी करता? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.