नायकाचा शत्रू: कथेत त्याला किती जागा द्यावी?

म्हापशाहून (धागाकर्ता)

नायकाची उंची त्याचा शत्रू ठरवतो असे माझे ठाम मत आहे, आणि ज्या कथेत शत्रू केवळ मार खाण्यासाठी येतो तिथल्या विजयाला मी किंमत देत नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, कारण कीचकाच्या उद्दामपणात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. दुसऱ्याचे ते आपलेच, असे मनापासून मानणारा सत्ताधीश समोर उभा राहिला म्हणून भीमाच्या रागाला अर्थ आला. कीचक पोकळ असता तर सरकारला भीमाची भीती वाटली नसती.

डिचोलीहून

आपले म्हणणे नाटकापुरते मान्य करते, पण गेली कित्येक वर्षे मी उलटेच घडताना पाहत आहे. आमच्या वाड्यावर मुले दिवाळीआधी तीन आठवडे नरकासुर उभारतात. सांगाड्यात गवत भरणे, कागदाचे थर चिकटवणे, मुखवट्याचे डोळे पुन्हा पुन्हा रंगवणे, यात रात्री जातात. कृष्ण मात्र शेवटच्या संध्याकाळी, उरलेल्या कापडातून होतो. त्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण पुराणात नरकासुराने कोंडलेल्या १६,१०० स्त्रिया आहेत, आणि त्या आमच्या मांडावर कुठेच नसतात. आजच्या कादंबऱ्यांतही मला हेच दिसते. खलनायकाला दुखावलेले बालपण मिळते, सुंदर भाषा मिळते, प्रकरणामागून प्रकरणे मिळतात. त्याने ज्यांचे आयुष्य नासवले त्यांना एक वाक्य.

म्हापशाहून

हा दोष लेखकाच्या नजरेचा आहे, शत्रूला दिलेल्या वजनाचा नव्हे. जत्रेतल्या दशावतारी काल्यात संकासुर येतो, काळा वेष, उंच टोकदार टोपी, लोंबणारी लाल जीभ; लहानपणी मी आजीच्या पदराआड लपून त्याला पाहिले आहे, आणि तरीही तो आत गेला की पुन्हा कधी येईल याचीच वाट पाहिली आहे. त्याने वेद पळवले हे त्यामुळे मी विसरलो नाही. भीती आणि ओढ एकाच वेळी वाटली म्हणूनच ते लक्षात राहिले.

पेडण्याहून

आपण दोघेही नरकासुराच्या आईला विसरलात. विष्णुपुराणात त्याचा वध झाल्यावर भूमी स्वतः कृष्णासमोर येते आणि म्हणते की हा मुलगा तुम्हीच मला दिलात आणि तुम्हीच मारलात. ही कुंडले घ्या आणि याच्या संततीचे रक्षण करा. वराहरूपात देवाचा स्पर्श झाला तेव्हाचा हा मुलगा, म्हणजे नायकाने मारलेला शत्रू एका अर्थी त्याच्याच घरातला. पुढे नरकाचा मुलगा भगदत्त महाभारतात हत्तीवर बसून कौरवांच्या बाजूने लढतो. मला सर्वांत मोठा शत्रू तोच वाटतो, ज्याला मारताना नायकाचे स्वतःचे काहीतरी तुटते, आणि मारल्यावरही ज्याचा हिशेब मिटत नाही.

डिचोलीहून

भूमीची आठवण करून दिलीत याबद्दल मनापासून आभार, पण तिचे शब्द मला माझ्याच बाजूचे वाटतात. ती कृष्णाला जाब विचारते, तरी मुलगा निर्दोष होता असे एका शब्दानेही म्हणत नाही; आणि नातवंडांसाठी अभय मागण्याआधी त्याने अदितीची लुटलेली कुंडले परत करते. शत्रूला हवी तेवढी पाने द्यावीत, बालपणही द्यावे, फक्त कुंडले कोणाची होती हे लेखकाने आधी सांगावे.

म्हापशाहून

‘आधी’ या शब्दाशी मी अजूनही सहमत नाही. वाचक आधी त्या शत्रूच्या बाजूने थोडा झुकला पाहिजे, आणि मग त्याच्या हातात ती कुंडले दिसली पाहिजेत.