लॅपटॉप चांगला चालतोय, फक्त जड आहे. बदलू का?

जमाखर्च
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करते. माझे बरेचसे क्लायंट तुर्भ्याच्या मार्केटमधले, मसाला मार्केट आणि दाणा बंदरात गाळे आहेत त्यांचे. आठवड्यातले चार दिवस रिक्षाने स्टेशन, मग सॅटिसवरून (स्टेशनबाहेरच्या पुलावरून) खाली उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मला वाशी किंवा पनवेल लोकल जी लागेल ती पकडायची, तुर्भ्याला उतरून पुढे परत रिक्षा नाहीतर चालत. आणि हे सगळं खांद्यावर ती धोंड घेऊन.

लॅपटॉप २०१८ चा, १५.६ इंची, आय५, एसएसडी आणि रॅम मधे वाढवून घेतली होती, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल मस्त चालतं. हल्ली टचपॅडचं क्लिक जरा जोरात दाबावं लागतं आणि बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही पण गाळ्यावर कायम प्लगलाच असतो त्यामुळे चालून जातं, बाकी तक्रार नाही. पण उजवा खांदा आता रात्रीचा पण दुखतो. दुकानात एक १४ इंची बघून आले, सव्वा किलोचा, ७२ हजार सांगितले. हातात घेतला आणि पाघळलेच.

आई म्हणते चालती वस्तू बदलायची म्हणजे काय गं, पैसे वर आलेत का. नवरा म्हणतो घे. मुलगा तर कधीपासून टपलाय, अकरावीत आहे, जुना त्याला मिळणार ना. तुम्ही काय केलं असतं?

कोपरीचा_बंड्या
घेऊन टाका ताई. खांदा परत मिळत नाही, लॅपटॉप रोज नवीन येतात. मॅकबुक एअर बघा, १३ इंची फक्त १.२४ किलोचा आहे, बॅटरी दिवसभर जाते. मी घेतल्यापासून चार्जर घरीच असतो.

नेरुळची_मावशी
बंड्या, त्यांनी टॅली लिहिलंय रे बाबा. टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर चालवायला परत वेगळ्या उठाठेवी कराव्या लागतात. उगाच सल्ला देऊ नको.

ताई, मी पण ह्याच धंद्यातली, पंधरा वर्षं झाली. मी दोन वर्षांपूर्वी अगदी हेच केलं, जड टाकून हलका घेतला, आणि पहिल्या आठवड्यात रडायची पाळी आली. का, तर नंबरपॅड नाही! १५.६ इंचीला उजवीकडे आकड्यांचा पॅड असतो, १४ आणि १३ इंचीला बहुतेक नसतोच, जागाच नसते. आपली बोटं न बघता चालतात हो त्या पॅडवर. वरच्या ओळीतून आकडे टाकताना मी पर्चेसच्या एंट्र्या दुप्पट वेळात करत होते आणि वर चुका. शेवटी यूएसबीचा वेगळा नंबरपॅड घेतला, आता तो पण बॅगेत. दुसरं म्हणजे डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. ते जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं आणि खूप पातळ मशीनना नुसते टाइप-सी पोर्ट, म्हणजे कनेक्टर आला. तो एकदा घरी विसरले आणि क्लायंटच्या ऑफिसात बसून त्याच्या डायरेक्टरची सही लावता येईना. त्या दिवशी जे ऐकून घेतलंय ना. म्हणून दुकानात जाल तेव्हा टोकन आणि नंबरपॅड दोन्ही डोक्यात ठेवा, नुसतं उचलून बघू नका, उचलल्यावर सगळेच छान वाटतात.

आणि ते नवीन स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप दाखवतील, हलके असतात, बॅटरी पण भरपूर. पण त्यांचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, साधे प्रोग्राम चालून जातात, ड्रायव्हर मात्र त्याच जातीचा लागतो. तुमच्या टोकनचा आहे का ते आधी विचारा.

दशमान
एक साधा प्रश्न. बॅगेचं वजन केलंय का कधी? लॅपटॉपचं नाही म्हणत मी, पूर्ण बॅगेचं, रोज जशी नेता तशी.

जमाखर्च
नाही केलं. पण जड लॅपटॉपच आहे हो, बाकी काय असणार, डबा आणि पाणी.

दशमान
करा की. वजनकाट्यावर आधी तुम्ही उभ्या राहा, मग बॅग घेऊन उभ्या राहा, वजाबाकी तर तुमचा धंदाच आहे 😄

कोपरीचा_बंड्या
बरं मॅक राहू दे. पण २०१८ चा म्हणजे विंडोज १० असेल ना? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्लायंटचा डेटा आणि बँकेची कामं त्यावर, तेवढ्यासाठी तरी बदला.

स्क्रूड्रायव्हर
सगळ्यात आधी हे वाचा ताई, बाकी नंतर. टचपॅडचं क्लिक जोरात दाबावं लागतं आणि बॅटरी तासभर टिकत नाही हे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिलंय, मला ती एकच गोष्ट वाटते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोब्बर खाली असते. ती फुगली की खालून टचपॅडला रेटते आणि क्लिक जड होतं. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि बघा डुगडुगतो का, झाकण नीट मिटतंय का, टचपॅड कडेपेक्षा वर आलाय का. यातलं काहीही असेल तर चार्जिंग बंद, वापर बंद, आणि त्यावर दाबायचं नाही. लिथियम बॅटरी आतल्या आत खराब होताना गॅस धरते, टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. गर्दीच्या लोकलमध्ये बॅग कोणाच्या कोपराखाली असते तुम्हाला माहितीच आहे. कायम प्लगला आणि वर गरम जागेत, ह्याने बॅटरी लवकर जाते.

विंडोजचं म्हणाल तर बंड्याचं अर्धं बरोबर. प्रोसेसरच्या नावात आय५ नंतरचा आकडा बघा. ७ ने सुरू होत असेल, म्हणजे ७२०० वगैरे, तर विंडोज ११ अधिकृतपणे जात नाही. ८ ने असेल, ८२५० वगैरे, तर जातं आणि फुकटात जातं.

जमाखर्च
बापरे. आत्ता टेबलावर ठेवून बघितला, एका कोपऱ्यातून डुगडुगतोय!! मी समजत होते आमचं टेबल वाकडं आहे. बंद करून ठेवलाय, चार्जर काढला. प्रोसेसर ८२५०यू आहे, बिलावर लिहिलंय.

उद्याच दुरुस्तीवाल्याकडे नेते.

नेरुळची_मावशी
डेटा? टॅलीचा बॅकअप आहे ना बाहेर?

जमाखर्च
आहे, रोज रात्री पेनड्राइव्हवर घेते, तेवढी शहाणी आहे मी.

नेरुळची_मावशी
मग ठीक. आता तारखांचं एक सांगते, नवीन घेतलात तरी आणि नाही घेतलात तरी. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही दोन्ही जीएसटीची रिटर्न. ह्या दोन्हींच्या मधे मशीन बदलायला जाऊ नका, २१ नंतरच. टॅलीचं लायसन्स आधी जुन्यावरून सरेंडर करायचं मग नव्यावर अॅक्टिव्हेट. मी उलटं केलं होतं, जुना फॉरमॅट करून दिला भाच्याला आणि मग लक्षात आलं लायसन्स त्याच्याबरोबरच गेलं, सपोर्टला फोन करत बसले. आणि १६ जीबी रॅमचाच घ्या, हलक्या मशीनमधे रॅम बोर्डाला चिकटवलेली असते बऱ्याचदा, तुम्ही आत्ताच्यात वाढवलीत तशी नंतर वाढवता येणार नाही.

कोपरीचा_बंड्या
आणि इन्कम टॅक्समध्ये घसारा मिळेल ना? कॉम्प्युटरवर ४० टक्के, आमचे सीए सांगत होते.

जमाखर्च
बंड्यादादा मी व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आहे. निम्मी रक्कम नफा धरून मोकळं, त्यात घसारा वेगळा मिळत नाही. दुसऱ्यांचा घसारा काढण्यात हयात गेली आणि स्वतःच्या वेळेला हे असं 😅

कोपरीचा_बंड्या
हात टेकले. मी आता गप्प बसतो.

जमाखर्च
अपडेट, पाच दिवसांनी. जरा मोठं लिहितेय.

दुरुस्तीवाल्याने मागचं कव्हर काढलं आणि बॅटरी अक्षरशः उशीसारखी, टम्म. तो म्हणाला अजून महिनाभर वापरला असता तर टचपॅडची काचच गेली असती. ती त्याने बाजूला रेतीच्या डब्यात ठेवली, ई-कचऱ्यात देतो म्हणाला, तुम्ही घरच्या कचऱ्यात टाकू नका. नवीन बॅटरी साडेतीन हजार. मग त्याने फॅन उघडला आणि त्याला एकामागून एक शिंका सुरू झाल्या, थांबेचना. आत हळद आणि मिरचीची पूड बसलेली होती हो, पिवळट तांबडा थर, फॅनच्या पात्यांवर आणि जाळीत. सहा वर्षं मी मसाला मार्केटात बसून काम करतेय ना. जाळीच बुजलेली म्हणून आत तापायचं, आणि बॅटरी त्याच्या शेजारीच. साफ करायचे सहाशे घेतले, मला तर वाटलं शिंकांचे वेगळे लावेल. आता फॅनचा आवाज येतच नाही, मी दोनदा कान लावून बघितलं चालू आहे का. रविवारी विंडोज ११ पण टाकून झालं, मुलानेच केलं.

आता दशमान यांचा हिशोब. बॅग ७.६ किलो भरली. मग मी एकेक काढून मोजलं, स्वयंपाकघरातला काटा आहे माझ्याकडे. लॅपटॉप २.२, चार्जर वायरीसकट ४०० ग्रॅम, बॅग नुसती रिकामी १.१ (हे सगळ्यात जास्त लागलं मनाला), डबा भरलेला १ किलो, स्टीलची बाटली पाण्यासकट १.३, क्लायंटच्या फायली १.२, आणि छत्री, टोकन, पर्स, एक जुना कॅल्क्युलेटर जो मी कधी काढतच नाही, हे मिळून ४०० ग्रॅम.

म्हणजे ७२ हजारांचा नवीन घेतला तर लॅपटॉप आणि चार्जर मिळून सव्वा किलोच्या आत-बाहेर कमी होणार होतं. आणि बाटलीत पाणी एक किलो! तुर्भ्याला गाळ्यावर बिसलेरीचा जार असतो चोवीस तास, आणि मी ठाण्याहून पाणी वाहून नेत होते. आता रिकामी नेते, गाडीत प्यायला अगदी तळाशी घोटभर ठेवते. चार्जर दुसरा घेऊन एका क्लायंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, नवीन बॅटरी बाकीच्या दोन गाळ्यांना पुरते. फायलींचे मोबाईलवर फोटो काढून घेते, ज्यावर शेरे मारायचेत तेवढीच एक नेते. कालची बॅग ५.४.

दशमान
वा. कॅल्क्युलेटर काढला का?

जमाखर्च
नाही हो. तो माझ्या पहिल्या पगाराचा आहे.

स्क्रूड्रायव्हर
आता सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. गाळ्यावर प्लगला राहणार असेल तर ती चालू ठेवा. आणि वर्षातून एकदा फॅन साफ करून घ्या, तुमच्या केसमध्ये सहा महिन्यांनी. जमलं तर मिरचीच्या पोत्यापासून लांब बसा.

जमाखर्च
लांब म्हणजे कुठे, गाळाच दहा फुटांचा आहे 😄

नेरुळची_मावशी
आणि तो १४ इंची? पाघळलेला?

जमाखर्च
शनिवारी परत गेले होते त्या दुकानात, तुमचं वाचल्यावर. त्याच्यावर एक्सेल उघडून एक आख्खं बँक स्टेटमेंट टाकायला घेतलं, सेल्समन बिचारा बघत उभा. वरच्या ओळीतून आकडे. पाचव्या ओळीला ४,५६० च्या जागी ४,६५० टाकलं. उठले. मुलगा तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी. खांदा दुखतोच अजून, पण रात्रीचा नाही. कोणाला नंबरपॅडसकट हलका लॅपटॉप माहीत असेल तर सांगून ठेवा, दिवाळीला परत बघीन. आणि हो, नुसती रिकामी असताना हलकी अशी बॅग कुठली घेतलीत तुम्ही लोकांनी? १.१ किलो फारच होतं.