मदत हवी आहे: बर्बन व्हिस्कीचं जुनं पिंप गळतंय, स्टाउट बिअर कधी भरू?

मंडळी, मी अमेरिकेत केंटकीत असतो, घरी बिअर करतो. बर्बनला कायद्यानंच नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे इथे वापरलेली पिंपं मिळतात. २० लिटरचं एक आणलंय, पण ते बरेच महिने कोरडं पडून होतं. बुचाच्या भोकाला नाक लावलं तर व्हिस्की, व्हॅनिला, थोडा कोळसा. आंबट वास नाही. गरम पाणी ओतलं तर खालच्या पट्टीजवळ दोन फळ्यांमधून धार! तासाभरानं थेंब थेंब, पण थांबेना.

स्टाउट तयार आहे. पाणी आठवडाभर ठेवलं तर व्हिस्कीचा कस पाण्यात जाणार, नाही ठेवलं तर स्टाउट फरशीवर. काय करू? जंतू मरायला आत गंधकाची वात जाळ, असं एक मित्र म्हणतोय. (दारूवर प्रवचन नको, ते घरी मिळतं.)

प्रतिसाद: गंधक अजिबात नको! ते रिकाम्या वाइनच्या पिंपांसाठी. तुमच्या लाकडात अल्कोहोल मुरलंय, वाफ पेटली तर स्फोट होईल.

प्रतिसाद: कोकणात पावसाळाभर शाकारलेली होडी पाण्यात लोटली की आधी गळते, मग लाकूड फुगून सांधे धरतात. तसंच हे. आधी लोखंडी पट्ट्या फुगवट्याकडे ठोकून घ्या, गोल फिरत थोडं थोडं. एकाच जागी ठोकलंत तर तिरक्या बसतात. मग ८० अंशांचं दोन-तीन लिटर पाणी, बूच, हलवणं, दाब सोडणं. पिंप उभं करून वरच्या तोंडावरही पाणी ओता, काही तासांनी उलटं करा. एवढ्यानं कस फार जात नाही. तरी नाहीच धरलं तर थंड पाण्यानं भरा. राहिलेला पाझर बाहेरून मधमाश्यांच्या मेणानं बुजवा, जागा कोरडी करून.

धागाकर्ता: पट्ट्या ठोकल्या, धार बंद! स्टाउट आत किती ठेवू?

प्रतिसाद: चव सांगेल. लहान पिंपात बिअरच्या मानानं लाकूड जास्त, म्हणून २०० लिटरला जे महिने लागतात ते इथे आठवड्यांत होतं. अधूनमधून चाखा आणि कमी झालेली पातळी त्याच बिअरनं भरा, वर हवा राहिली की व्हिनेगर. उपसलं की त्याच दिवशी पुढची बिअर आत. नाहीच जमलं तर लिटरमागे २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जंतू रोखणारी पूड) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून काठोकाठ पाणी. व्हिस्की जाईल, पिंप वाचेल. एकदा ब्रेट हे रानटी यीस्ट लाकडात शिरलं की मात्र गरम पाण्यानं जात नाही, मग त्यात आंबट बिअरच करा.

धागाकर्ता: मग पुढची बिअर, पोर्टर, आत्ताच लावतो, स्टाउट निघेपर्यंत तयार होईल.